हाफ क्लच

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा उघडल्या, आणि त्याच आठवड्यात मनीषा महाजनच्या गाडीत जळक्या रबराचा वास यायला लागला.

आधी तो आशाबाईंना आला. आशाबाई मागे बसायच्या, मनीषाच्या बरोबर पाठीशी. अंगाने भरलेल्या, रिटायरमेंटला टेकलेल्या शिक्षिका. बुऱ्हाणपूर मागे पडलं, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या आणि एका खड्ड्यातून गाडी धपकन गेली, तसा त्यांनी पदर नाकाला लावला.

"मनीषा, काहीतरी जळू राहिलं."

"बाहेरचं असेल, बाई. कुणी टायर पेटवलं असेल थंडीचं."

मनीषाने काचा वर केल्या. वास गेला नाही, उलट कोंडला. मग पुढच्या सीटवरची हिमानीही नाक आक्रसून म्हणाली, "मॅडम, सच में स्मेल येतोय. रबर जळल्यासारखा." आशाबाईंच्या शेजारी बसलेल्या प्राजक्ताने काच खाली केली आणि तोंड बाहेर काढलं. तिला नुकतेच दिवस गेले होते.

मनीषाने गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. पाणी होतं, ऑइल होतं, धूर कुठेच नव्हता. चौघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. एक केळीचा ट्रक हॉर्न वाजवत गेला आणि त्यातला क्लीनर ओरडला, "क्या हुआ मॅडम, धक्का देऊ का?" चौघी हसल्या. थोड्या वेळाने पुन्हा निघाल्या. खकनारला आशाबाई उतरल्या आणि त्यानंतर देडतलाईपर्यंत वास आला नाही. या गोष्टीकडे मनीषाचं तेव्हा लक्ष गेलं नाही. वास गेला एवढंच तिला कळलं, आणि तेवढ्याने ती निश्चिंत झाली.

मनीषाचं माहेर देडतलाईचं, सासर बुऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यात, आणि नोकरी पुन्हा देडतलाईच्या सरकारी शाळेत. रोज माहेरच्या गावात जायचं आणि संध्याकाळी माहेराला पाठ करून परत यायचं, अशी तिची उभी नोकरी अप-डाउनमध्ये गेली. बसच्या दांड्याला लोंबकळून तिचा उजवा खांदा कायमचा दुखरा झाला होता. पोरगी पोटात असतानासुद्धा ती उभ्याने गेली होती. कंडक्टर ओळखीचे होते, पण ओळखीने सीट मिळते असं थोडंच आहे.

घरात कुणाला न विचारता तिने आयुष्यात एकच गोष्ट केली, ती म्हणजे ही गाडी. खरं तर गाडीची हौस आधी नवऱ्याला, मधुकरला झाली होती. तो सरकारी ऑफिसात बाबू. मित्राची गाडी घेऊन तो शिकायला निघाला आणि पहिल्याच रविवारी शनवारा चौकाच्या गर्दीत एका कांदेवाल्याच्या हातगाडीला धडकला. कांदे रस्ताभर झाले, लोक जमले, कुणीतरी ओळखीचं हसलं. त्यानंतर मधुकरने स्टिअरिंगला हात लावला नाही. दोन वर्षांनी मनीषाने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, पन्नाशीला आलेली बाई पोरासोरांच्या रांगेत बसून शिकली, पहिल्या झटक्यात लायसन्स काढलं आणि पांढरी छोटी गाडी दारात आणून उभी केली. मधुकरने नको म्हटलं नाही. चांगलं केलंस असंही म्हटलं नाही. पाहुण्यांपुढे मात्र तो सांगायचा, "मीच शिकवली तिला." मनीषा चहाचे कप उचलायची आणि आत जायची.

तीन वर्षं ती गाडी देडतलाईच्या रस्त्याने जात होती. मागच्या वर्षापासून या तिघी तिच्याबरोबर यायला लागल्या. हिमानी तिच्याच शाळेत नवी लागलेली, प्राजक्ता पलीकडच्या मुलींच्या शाळेत, आशाबाई खकनारला. सकाळचा तो वेळ मनीषाला दिवसातला सगळ्यात आवडता वाटायचा. आशाबाई घरून डब्यात काहीतरी आणायच्या, हिमानी मोबाइलवरची गाणी लावायची, सासरची गाऱ्हाणी निघायची, आणि चौघी अशा खिदळायच्या की देडतलाईला उतरताना पोटात दुखायचं. गाडी आपली आहे, चाक आपल्या हातात आहे आणि तीन बायका आपल्या भरवशावर मागेपुढे बसल्या आहेत, याचा तिला आत कुठेतरी अभिमान होता. तो तिने कधी बोलून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी वास पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी तिने मधुकरला सांगितलं.

"कशाचा वास?" मधुकरने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं.

"रबर जळल्याचा. चौघींना येतो."

"तू हाफ क्लच चालवत असशील. पाय क्लचवरून उचलायचाच नाही तर प्लेट घासणार. जळणार नाही तर काय होईल?"

"मी पाय ठेवत नाही क्लचवर."

"सगळ्या बायका ठेवतात. त्यांना कळत पण नाही."

रविवारी तो तिला भूपेंद्रच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला. म्हणजे गाडी तिनेच चालवली, तो शेजारी बसून "हॉर्न दे, हॉर्न दे" करत राहिला. भूपेंद्र मधुकरचा शाळेपासूनचा दोस्त. अमरावती रोडला त्याचं मोठं शेड होतं. त्याने गाडी एकट्याने जैनाबादच्या पुलापर्यंत नेली, परत आणली, खाली उतरून बॉनेटपाशी नाक नेलं.

"काहीच वास नाही भाभी."

"रोज येतो हो. शाळेत जाताना."

भूपेंद्रने मधुकरकडे बघितलं. "असं आहे भाभी, लेडीज लोकांची एक आदत असते. हाफ क्लच."

"मी काय म्हणालो होतो?" मधुकर म्हणाला, आणि दोघं हसले. गॅरेजमधली पोरंही हसली.

क्लच बदलला. भूपेंद्रने जुनी प्लेट तिच्यापुढे धरली, "बघा कशी घिसली." मनीषाला नवी प्लेट कशी असते तेच ठाऊक नव्हतं, जुनी किती घासलेली ते तिला काय कळणार? तिने मान हलवली. पुढचे कितीतरी दिवस ती गाडी चालवताना स्वतःच्या डाव्या पायावर नजर ठेवायची. पाय क्लचवरून पूर्ण बाजूला, जमिनीवर टेकवलेला. तरी तिला शंका यायची, आपल्याला न कळता तो जातो की काय? समोर बघावं तर पाय आठवायचा, पायाकडे बघावं तर समोर म्हैस यायची. जो पाय तीन वर्षं आपसूक आपलं काम करत होता, तो आता परक्यासारखा वाटायला लागला.

क्लच बदलल्यावर पहिल्या दिवशी वास आला नाही. प्राजक्ता डॉक्टरकडे गेली होती, आशाबाईंच्या घरी पाहुणे होते, गाडीत फक्त हिमानी होती. मनीषाला इतकं हलकं वाटलं की येताना तिने मावा जिलेबी आणली. मधुकरने दोन तुकडे खाऊन बोटं चाटली.

"बघ. उगीच वाद घालत होतीस."

दुसऱ्या दिवशी चौघी बसल्या. केळीच्या बागा सुरू झाल्या, तोच खड्डा आला, तोच वास.

आता भूपेंद्रने बेल्ट बदलला. बेल्ट बदलूनही वास आला, तेव्हा त्याने गाडीखाली डोकं घालून एक्झॉस्टला कुठे प्लास्टिकची थैली चिकटली आहे का तेही बघितलं. पुन्हा एकट्याने चक्कर मारली. मग उतरला, हात पुसले आणि जरा वैतागून म्हणाला, "भाभी, गाडी एकदम ओके आहे. मी आता इसमें काय शोधू?"

त्या संध्याकाळी विपुल घरी आला होता. विपुल म्हणजे मधुकरच्या थोरल्या भावाचा, लोटूभाऊंचा मुलगा. केळीच्या व्यापारात होता, गळ्यात चेन, हातात दोन मोबाइल. मनीषाने त्याला पोहे दिले. मधुकरने त्याच्यापुढे वासाची सगळी कथा सांगितली, क्लच, बेल्ट, प्लास्टिकची थैली. विपुल खाली मान घालून पोहे खात होता. मग हसला.

"काकू, गाडीचा नाही, नाकाचा इलाज करा."

मधुकर इतका हसला की त्याला ठसका लागला. मनीषाने पाणी आणून दिलं.

गाडीतल्या बायका मात्र हसत नव्हत्या. सगळ्यात आधी प्राजक्ता गेली. एक दिवस खकनारच्या अलीकडे तिने गाडी थांबवायला लावली, उतरून शेताच्या कडेला ओकली, तोंड पुसत म्हणाली, "मॅडम, तुमची काही चूक नाही, पण मला हे सहनच होत नाही." आशाबाईंना त्यांच्या मुलाने मोबाइलवर पेटलेल्या गाडीचा व्हिडिओ दाखवला होता. त्यांनी तेही सांगून टाकलं. "मला दोन वर्षं सुखाची जगू दे गं बाई," असं म्हणाल्या आणि वर हसल्याही, पण दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. विनायक सर म्हणून एक शिक्षक व्हॅनने जायचे, त्यात जागा रिकाम्या होत्या; दोघी तिकडे जायला लागल्या. हिमानी शेवटपर्यंत राहिली होती. मग तीही एका सकाळी चौकात उभी दिसली नाही. फोन केला तर म्हणाली, "मॅडम, सॉरी हां. मम्मी म्हणते, सगळ्यांबरोबरच जा."

मनीषा एकटी जायला लागली. आणि वास बंद झाला.

ही गोष्ट तिला सगळ्यात जास्त लागली. जणू वास त्या तिघींना घालवायलाच आला होता. एकटी असताना ती काचा बंद करून मुद्दाम खोल श्वास घ्यायची. काही नाही. मग खरंच आपल्या नाकाचं काही बिघडलं होतं? पण चौघींच्या नाकाचं एकदम कसं बिघडेल? प्राजक्ता काय नाटक करून ओकली होती? शाळेपाशी व्हॅन यायची, त्यातून हिमानी आणि प्राजक्ता हसत उतरायच्या, आणि मनीषा आपली गाडी लिंबाखाली लावून खाली मान घालून ऑफिसात सही करायला जायची.

जानेवारीत तुरी निघाल्या. देडतलाईचा तिचा भाऊ उखर्डू शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभा होता. "ताई, घरच्या तुरी घेऊन जा. डाळ करून खा." त्याने पोती आणून मागच्या सीटवर घातली, डिक्कीत गंगाफळं आणि वांग्यांची पिशवी ठेवली. मनीषा निघाली. रस्त्यात पहिला खड्डा आला, गाडी मागून दबली, आणि गाडीभर तो वास पसरला.

तिने ब्रेक दाबला. रस्त्यावर कुणी नव्हतं. ती तशीच बसून राहिली.  गणित सुटायला लागलं की वर्गातल्या एखाद्या पोरीच्या चेहऱ्यावर जे दिसतं, तसं काहीतरी तिच्या आत हललं. मागे आशाबाई असल्या की वास. खकनारला त्या उतरल्या की कमी. भूपेंद्र एकटा चक्कर मारतो, वास नाही. आज पोती, पुन्हा वास.

वजन.

ती उतरली आणि साडी सावरून मागच्या चाकापाशी मातीत गुडघ्यांवर बसली. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये बोट घालायला गेली, बोट जाईना. आतलं काळं प्लास्टिक घासून घासून चकचकीत झालं होतं, आणि त्याच्या कडेला रबराचा चुरा साठला होता, खोडरबराने खोडल्यावर वहीवर राहतो तसा. तिने तो चिमटीत धरून नाकाशी नेला. हाच. महिनोन्महिने तिला वेडी ठरवणारा वास हाच.

मग तिने मागचं दार उघडून एक पोतं दोन्ही हातांनी ओढलं. ते धप्पकन खाली पडलं. गाडीची मागची बाजू वर उचलली गेली. तिने पुन्हा बोट घातलं. आता बोट सहज गेलं. वास एवढ्यावर कळला होता, पण चाक कशामुळे घासतं, ते कळलं नव्हतं. तिने डिक्कीतली गंगाफळं-वांगी बाहेर काढली, गालिचा उचलला आणि खाली ठेवलेली स्टेपनी वाकून बघितली. स्टेपनीचं टायर बारीक होतं. गाडीला लावलेल्या टायरपुढे ते असं दिसत होतं, जशी लुगडं नेसलेल्या बाईपुढे परकरातली पोर. दोन्हींवरचे आकडे वेगळे होते. चारही चाकांवरचे आकडे तिने वाकून वाकून वाचले. मागच्या उन्हाळ्यात तिने स्वतः दुकानात उभं राहून नवे टायर टाकून घेतले होते, ते स्टेपनीसारखेच होते. ही चाकं तिची नव्हती.

मोटारसायकलवरून दोन मजूर चालले होते, त्यांनी थांबून पोतं पुन्हा आत टाकून दिलं. "काय झालं बाई, पंचर?" एकाने विचारलं.

"नाही," मनीषा म्हणाली. "चाक बदललंय कुणीतरी."

घरापर्यंत ती वास घेत आली. दिवाळीच्या सुट्टीत आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती जळगावला गेली होती, आठवडाभर. गाडी दारात होती. किल्ली खुंटीला होती. आणि घरात एकटा मधुकर होता.

तो कॉटवर पाय पसरून मोबाइल बघत होता. मनीषाने पिशवी खाली ठेवली नाही, चपला काढल्या नाहीत.

"अहो, माझ्या गाडीची चाकं कुणी बदलली?"

"कोणती चाकं?"

"चारही."

मधुकरने मोबाइल उपडा ठेवला.  तो दाराकडे बघायला लागला, मग पंख्याकडे, मग म्हणाला, "विपुल घेऊन गेला होता. तू जळगावला होतीस तेव्हा. त्याची आणि तुझी गाडी एकच मॉडेल, चाकं बसतात एकमेकांची. घरच्या घरात आहे, त्यात एवढं काय?"

"पण का?"

"अगं, त्याने ती गाडी जुनी घेतली ना, आधीच्या मालकाने शौकाने चौडे टायर टाकले होते. विपुलला रोज चार-चार व्यापारी बसवून रावेरला जावं लागतं. लोड झाला की टायर घासायचे. मोठी माणसं गाडीत, आणि गाडीत सगळा रबराचा..."

तो तिथेच थांबला. बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

मनीषाला वाटलं की आपण ओरडू. पण आवाज निघाला तो अगदी वर्गातल्यासारखा, शांत.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मला काय माहीत तुझ्या गाडीत पण येईल म्हणून? तू कुठे लोड घेऊन जातेस? तुझ्या गाडीत कोण बसतं?"

"तिघी बसायच्या. तुमच्यासमोर इथे उभी राहून रोज सांगत होते."

मधुकर उठून बसला. आता तोही चिडला, पकडलेला माणूस चिडतो तसा. "मग काय करू? लोटूभाऊंचा पोरगा. त्याने मागितलं आणि मी नाही म्हणू? आणि सांगितलं असतं तर तू त्यांच्या दारात जाऊन भांडली असतीस. मला माहीत नाही का तुझा स्वभाव?"

"म्हणून क्लच बदलू दिला."

"क्लच घिसलाच होता. भूपेंद्र बोलला ना."

"विपुल इथे बसून पोहे खात होता," मनीषा म्हणाली. "म्हणाला, नाकाचा इलाज करा. त्याला तर तो वास नीट ठाऊक होता. तुम्ही हसलात."

 मधुकरने मोबाइल पुन्हा उचलला.

विपुलला तिने फोन केला. तो आढेवेढे न घेता बोलला, उलट आश्चर्य वाटल्यासारखा. "अरे काकू, आधी बोलल्या असत्या ना! पण आता ती गाडी मी विकली. रावेरची पार्टी होती, चाकांसकट गेली. अब क्या करणार?" मग जरा लाडात आल्यासारखा म्हणाला, "टायरचं काय एवढं, काकू. तुमच्या गाडीला तर चौडे छान दिसतात." भूपेंद्रकडे गेली तर तो कान खाजवत म्हणाला, "दिसलं होतं भाभी. मला वाटलं भाईसाबने शौकाने टाकले. आणि मी मागे वजन ठेवून चालवलीच नाही ना कधी." त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्याने चहा मागवला. मनीषा चहा न घेता निघाली.

तिने स्वतःच्या मापाची चाकं आणि टायर टाकून घेतले. पत्रा आतून घासला होता, तिथे रंग मारून घेतला. मग एका सकाळी गाडीत पुन्हा पोती घालून त्याच खड्ड्यातून मुद्दाम दोनदा नेली. वास नव्हता. ते सांगायला ती दुसऱ्या दिवशी चौकात व्हॅनपाशी थांबली. तिघींनी ऐकून घेतलं. प्राजक्ता म्हणाली, "बरं झालं, मॅडम." आशाबाई म्हणाल्या, "आता विनायक सरांना शब्द दिला गं. मध्येच सोडलं तर बरं दिसत नाही." हिमानी मोबाइल बघत होती. कुणीही वाईट बोललं नाही. मनीषाने सरळ विचारलंही नाही, या म्हणून. विचारून नाही ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं तिला वाटलं.

फेब्रुवारीच्या शेवटी लोटूभाऊंच्या मुलीचं, तृप्तीचं लग्न होतं. मांडवात जेवणाच्या पंगती उठल्या होत्या, घरची माणसं निवांत बसली होती. व्याह्यांकडच्या कुणीतरी विचारलं, एवढ्या लांब तुम्ही रोज गाडीने जाता? मनीषाने हो म्हणायच्या आत विपुल पुढे सरसावला.

"जातात म्हणजे काय! काकूंनी तर क्लच जाळला. हाफ क्लच! तीन-तीन महिने वास. मास्तरीणबाया सगळ्या पळून गेल्या गाडीतून." त्याने नाकाला रुमाल लावून पळण्याची नक्कल केली. सगळे हसले. त्यात मधुकरही हसला. फार नाही, पण हसला.

मनीषाने हातातला विडा खाली ठेवला.

"क्लच नव्हता," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण हसणं थांबलं. "याच्या गाडीचे टायर घासत होते, वास येत होता. मी आईच्या ऑपरेशनला गेले होते तेव्हा याने ते काढून माझ्या गाडीला लावले आणि माझे नवे नेले. मला न विचारता. यांना विचारून." तिने मधुकरकडे बोट केलं नाही, नुसतं बघितलं. "मग दोघं मिळून मला सांगत होते की तुझ्या पायाचा दोष आहे."

 लोटूभाऊ घसा खाकरून बाहेर गेले, केटरिंगवाल्याला काही सांगायचं असल्यासारखे. विपुल म्हणाला, "काकू, मजाक होता." तेवढ्यात मालूताई, तिची जेठाणी, आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"मनीषा, पोरीचं लग्न आहे. व्याही बसलेत. आणि तू टायर घेऊन बसलीस?"

एकाही बाईने मनीषाची बाजू घेतली नाही. एका मावसजावेने जाताना तिचा दंड हलकेच दाबला, पण तोही कुणाला दिसणार नाही असा. थोड्या वेळात गप्पा पुन्हा सुरू झाल्या, दुसऱ्या विषयावर, जरा मोठ्या आवाजात. मनीषाने विडा उचलला नाही. ती गाडीची किल्ली घेऊन उठली. मधुकर तिच्याबरोबर आला नाही. संध्याकाळी त्याला विपुलच्या नव्या गाडीतून कुणीतरी घरी सोडलं. तो आला, जेवला नाही, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्या दिवसापासून तो तिच्या गाडीत बसला नाही. ऑफिसला तसाही स्कूटरने जायचा, पण आता देवळात, लग्नात, डॉक्टरकडेही रिक्षाने जायला लागला. विचारणाऱ्याला सांगायचा, "ती मॅडम आहे, तिची गाडी आहे, आपण बसणारे कोण?" लोकांना त्याची कीव यायची. नात्यात जी गोष्ट पसरली ती अशी की टायरसाठी मनीषाने पुतण्याला भर मांडवात चोर म्हटलं. चोर हा शब्द ती बोललीच नव्हती. पण बोललेलं आणि पसरलेलं यांत फरक करायला कुणाला वेळ होता?

तिने गाडी सोडली नाही. रोज सकाळी एकटी निघायची. गाणी लावत नसे, कारण लावायचं काम हिमानीचं होतं आणि मनीषाला ते मोबाइलमधून कसं लावतात ते माहीत नव्हतं. तिला शिकता आलं असतं, पण ती शिकली नाही.

एप्रिलच्या एका सकाळी विनायक सरांची व्हॅन बंद पडली. चौकात हिमानी उन्हात उभी होती, परीक्षेची ड्यूटी, उशीर होत होता. मनीषाने गाडी थांबवली. हिमानी बसली, थँक्यू मॅडम म्हणाली, पर्स मांडीवर घेतली. दोघी जरा वेळ परीक्षेबद्दल बोलल्या. केळीच्या बागा लागल्या. खड्डा आला. मनीषाने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं तर हिमानीचा हात आपसूक ओढणीकडे गेला होता आणि टोक चिमटीत धरून तिने ते नाकाजवळ नेलं होतं. वास नव्हता. कशाचाच नव्हता. बाहेरून फक्त तापलेल्या मातीचा येत होता.

"मॅडम," हिमानी थोड्या वेळाने म्हणाली, "क्लच ठीक झाला ना आता?"

"क्लच कधी बिघडलाच नव्हता. टायर होते. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"हां हां, ते. सांगितलं होतं." हिमानीने मान हलवली. मग काचेचं बटण दाबून तिने काच आणखी थोडी खाली केली.